पान चौसष्ट

ठाकूरद्वारच्या नाक्यावर भेंड्यांचं दुकान,
म्हणजे एक फळी, एक स्टूल, एक पिवळा बल्ब.
म्हटलं, दहावीचं इतिहासाचं गाईड द्या.
त्यांनी वर न बघता विचारलं, मुलगा का मुलगी?
म्हटलं, मीच.

तेव्हा वर बघितलं.
गणवेश बघितला, खिशावरचं बिल्डिंगचं नाव,
जाळीच्या दाराचं ग्रीस लागलेली बोटं.
मग काही न बोलता तीन गाईडं मांडली
पत्ते मांडावेत तशी.

पहिलं जाडजूड. सगळं आहे यात, म्हणाले,
स्वाध्याय, उत्तरं, उत्तरांची उत्तरं.
मागची किंमत वाचून मी ते परत ठेवलं.

दुसरं पातळ. वर सोनेरी अक्षरांत
हमखास येणारे एकशे अकरा प्रश्न.
हमखास कसं काय कळतं हो?
भेंडे म्हणाले, इतिहास आहे बाबा,
पुन्हा पुन्हा तेच येतं.

रात्रशाळेत कीर बाई सांगतात,
गाईड म्हणजे कुबडी, आधी पुस्तक वाचा.
बरोबर आहे बाईंचं.
पण बाई, सहाला सुटतो, साडेसहाला हजेरी,
घरी जेवून पुस्तक उघडलं
की पाचव्या ओळीला ते मिटतं का मी मिटतो
कळत नाही.
माझा अभ्यास तळमजला ते पाचवा एवढाच.
दोन मजल्यांत एक टीप,
पाच मजल्यांत एक सकारण स्पष्ट करा,
तेही कुणी मध्येच चढलं नाही तर.

तिसरं गाईड जुनं.
पाठीला खळ, कव्हरवर चहाच्या पेल्याचं वर्तुळ,
आत निळ्या शाईत
दर्शना घोसाळकर, दहावी ब, हजेरी क्रमांक एकोणीस.
समासात तिचा कारभार.
हे येणारच. हे सोड. हे सरांनाही येत नाही.
एका पानावर, आईची गोळी नऊला.
चुकीची जोडी ओळखा, त्याखाली छापील चार जोड्या
आणि पेनाने लिहिलेली पाचवी:
दर्शना आणि गणित.

मी फळीपाशी उभ्याउभ्या हसलो.
पानं उलटत गेलो. रेघा, फुल्या, चांदण्या.
पान चौसष्टवर एक ओळ अर्ध्यातच अधोरेखित,
आणि पुढे काही नाही.
पासष्टपासून पानं कोरी,
म्हणजे छापलेली, पण कोरी.

विचारलं, ही कोण?
रद्दीत आलं.
कुणी आणलं?
रद्दीवाल्याने.
पुढे काय झालं असेल?
भेंड्यांनी खांदे उडवले. ते तुझ्या परीक्षेला नाही.

साधनं तीन, असं पुस्तकात आहे.
भौतिक, लिखित, मौखिक.
पेल्याचं वर्तुळ होतं, अक्षर होतं,
मौखिकमध्ये भेंड्यांचे खांदे.
एवढ्यावरून काय लिहायचं?
पास होऊन दुसऱ्या गावी गेली असेल.
नवं गाईड मिळालं असेल.
नऊची गोळी चुकली असेल.

मीही असाच एका पानावर थांबलेलो,
आठवीत, सहामाहीनंतर.
कारणं विचारलीत तर देईन,
पण ती दोन गुणांत मावणार नाहीत.

भेंडे म्हणाले, हे नको नेऊस, अर्धवट आहे.
म्हटलं, गाईड पूर्ण आहे की, अभ्यास अर्धवट आहे.
चाळीस रुपये दिले.
पाच त्यांनी परत केले, का ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्ट रिकामी.
गुडघ्यावर गाईड, कानामागची पेन्सिल हातात,
पान चौसष्टवरच्या त्या रेघेला
पुढे ओढायला घेतलं.
लिफ्टचा गचका बसला, रेघ वाकडी झाली,
खालच्या ओळीत घुसली.
खोडावी का, असं मनात आलं.
तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी
घंटेवरचं बोट काढतच नव्हतं.